काळी चार

"स्टूल नीट धर," बाबा वरून म्हणाले. "आणि वर बघू नकोस, धूळ डोळ्यांत जाईल."

मी मान खाली घालून स्टूल धरून उभी राहिले. होळी होऊन गेली होती आणि मिरजेत ऊन तापायला लागलं होतं. माजघरातला पंखा आठवडाभर रुसून बसला होता. बटण दाबलं की गुणगुणायचा, पण फिरायचा नाही. मग आईने त्याला झाडूच्या दांड्याने ढकलून सुरू करायची रीत पाडली होती.

"झाडूच लागतो त्याला," आई बाहेरच्या खोलीतून म्हणाली. "काही काही जणांना लागतोच सुरू व्हायला."

"हे मला उद्देशून आहे," बाबा मला म्हणाले.

"मी पंख्याला म्हटलं."

बाबांनी वरून एक चौकोनी पांढरी डबी माझ्या हातात दिली, काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. पंख्याचा कंडेन्सर, वीज साठवून ठेवणारा. मी तो उलटसुलट करून पाहिला.

"हा तर नवाच दिसतोय."

"दिसतात सगळे तसेच. वरून कळत नाही, मोजावं लागतं." ते पाय चाचपत खाली उतरले. "जुना झाला की त्यात मावतं कमी. घागरीत गाळ साठत जावा तसं. घागर बाहेरून तेवढीच."

नवा कंडेन्सर लावल्यावर पंखा असा भरभर फिरला, की कॅलेंडरची पानं फडफडली. आई दारात येऊन उभी राहिली. पदर सावरत म्हणाली, "अगंबाई! एवढा वेग होता याला?"

बाबांचा तो शेवटचा रविवार. तेव्हा तो नुसताच रविवार होता.

बाबांची सगळी नोकरी कंडेन्सरच्या कारखान्यात गेली, आणि तीही टेस्टिंगमध्ये. इतर लोक कंडेन्सर बनवायचे, बाबा ते मारायचे. कपाटाएवढ्या भट्टीत शंभर-शंभर कंडेन्सर उष्ण, दमट हवेत ठेवायचे, सोसवेल त्याहून जास्त वीज द्यायची आणि कोण कधी, कसा जातो ते पाहत बसायचं. मी शाळेत असताना त्यांनी असा एक गेलेला कंडेन्सर घरी आणला होता आणि अंगणात माझ्यासमोर उलगडला होता. आत गुंडाळी होती, कांद्याच्या पापुद्र्यासारख्या प्लास्टिकची, आणि तिच्यावर बर्फीवर असतो तसा धातूचा वर्ख. ती संपेचना. बाबांनी एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि ते मागे मागे सरकत विहिरीपर्यंत गेले.

"आता उजेडाकडे धर."

त्या चंदेरी पट्टीवर जागोजागी टाचणीच्या डोक्याएवढे पारदर्शक ठिपके होते. कडेला वर्ख कुरतडल्यासारखा झाला होता. ते दमट हवेचं काम, बाबा म्हणाले.

"आणि हे ठिपके?"

"हे त्याचे बरे झालेले घाव. पापुद्र्याला कुठे भोक पडलं की तिथे ठिणगी उडते. ठिणगीने भोकाभोवतीचा वर्ख जळून जातो. वर्खच नाही म्हटल्यावर तिकडे वीज फिरकत नाही. मग तो आपला पुन्हा चालू. बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही."

"मग हा मेला कशाने?"

बाबांनी थोडा विचार केला. "मेला नाही. कमी होत गेला."

पंख्याचं काम झाल्यावर आई रियाजाला बसली. ती गाणं शिकवायची. गावात तिला सगळे नलूताई म्हणत. पेटीवरची चौथी काळी पट्टी हा तिचा षड्ज. बाईच्या गळ्याला ही पट्टी तशी उंच, पण आईने तरुणपणी घेतली ती सोडली नव्हती. नव्या शिष्येला ती पहिल्याच दिवशी सांगायची, "माझी काळी चार. तुझी कुठली ते शोधू." सांगताना मान जरा ताठ व्हायची. बोटांचे सांधे धरल्यापासून तिला तंबोरा लावता येत नव्हता. तो गवसणीत भिंतीला उभा असायचा, आणि गाताना पुढ्यात असायचा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा डबा. त्याच्या मोठ्या बटणावर कुण्या शिष्येने नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. ठिपका वर आला की काळी चार. बटणाला हात लावायची कुणालाच परवानगी नव्हती.

तेवढ्यात यासीनभाई आले. ते तंबोरे घडवणारे. त्यांचं दुकान दोन गल्ल्या सोडून, आणि येणं-जाणं घरच्यासारखं.

"वहिनी, तंबोरा द्या की आता. तारांखालची घोडी घासून जवारी काढून देतो. भिंतीला टेकून टेकून मुका व्हायचा त्यो."

"मी कधीची म्हणतेय. ह्यांना विचारा."

"पुढच्या महिन्यात," बाबा आतून म्हणाले.

"गेल्या वर्षीबी पुढचाच महिना हुता, साहेब."

"मग सवय झाली असेल तुम्हाला."

यासीनभाई हसत सरबत पिऊन गेले. आईने डबा सुरू केला, डोळे मिटले आणि षड्ज लावला. मला काय वाटलं कोण जाणे, मी कोपऱ्यातली पेटी ओढली. लहानपणी तिच्या साथीला मीच बसायची. मी सवयीने काळी चार दाबली आणि झटकन बोट उचललं. सूर जुळत नव्हता. अलीकडची पांढरी दाबून पाहिली, मग तिच्याही अलीकडची काळी. आवाज दबता ठेवून, भाता जेमतेम हलवत मी खाली खाली आले. जुळली ती पांढरी चार. पूर्ण तीन पट्ट्या खाली.

मी वर पाहिलं. बाबा माजघराच्या दारात उभे होते. त्यांनी मान हलवली, नाही अशी. आईचे डोळे मिटलेलेच होते.

मी पेटी बंद केली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात बाबा चहाचं आधण ठेवता ठेवता हळूच म्हणाले, "डब्यातला कंडेन्सर म्हातारा झालाय, म्हणून सूर उतरलाय. आईला बोलू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल. बघतो मी."

"बरं."

त्यात मला काही विशेष वाटलं नाही. घरात न बोलायच्या गोष्टींची मला सवय होती. मी पुण्यात एकटी राहत होते, कॉलेजात शिकवत होते. माझा नवरा प्रसन्न आणि मी वेगळे झालो त्याला बराच काळ लोटला होता. त्यावर घरी एकदाच बोलणं झालं होतं आणि त्यानंतर तो विषय जणू कधी नव्हताच. फक्त बाबा रोज संध्याकाळी फोन करायचे. पहिलं वाक्य ठरलेलं, "बरी आहेस ना?" माझं उत्तर ठरलेलं, "बरी आहे, बाबा." मग ते "हं" म्हणायचे, आणि पाणी किती वाजता आलं, कोणाच्या घरी मांजर व्यायली, असं सांगायचे.

त्या दिवशी ते मला एसटी स्टँडवर सोडायला आले. गाडी लागली होती. खिडकीतून त्यांनी पाण्याची बाटली आत दिली.

"बरी आहेस ना?"

"बरी आहे, बाबा."

"हं," ते म्हणाले. आणि गाडी हलेपर्यंत खिडकीची कड धरून उभे राहिले.

मंगळवारी सकाळी यासीनभाईंचा फोन आला. त्यांनी माझं नाव घेतलं आणि पुढे त्यांना बोलता येईना, तेव्हाच मला समजलं. बाबा आंघोळीला पाणी काढायला गेले होते, तिथेच.

दिवसवार झाले. आई माझ्याबरोबर पुण्याला यायला तयार नव्हती. मी रजा संपवून परतले. संध्याकाळ झाली की मी फोन हाताशी घेऊन बसायची. काही आठवड्यांनी मीच आईला फोन करायला लागले. ती जेवणाचं, हवेचं सांगायची. मी विचारायची, "गातेस ना?" ती म्हणायची, "बघू."

श्रावण संपता संपता तिने सांगितलं, "एकदा बसले होते गं. षड्जच पेलेना. चिरकला. त्यांच्याबरोबर गेला तो." नंतर शिष्या बंद केल्याचं कळलं. आणि नवरात्राच्या आधी तिचा फोन आला.

"दसऱ्याला ये. तंबोरा यासीनभाईंना देऊन टाकतेय. त्यांच्याकडे एक मुलगी येते, शिकणारी. तिला द्यायचा. घरात उभा दिसला की मला सोसत नाही."

"आई, घाई कशाला?"

"घाई नाही. संपलंय ते."

मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पोचले. आमच्याकडे खंडेनवमीला बाबांची हत्यारं आणि आईची वाद्यं एकाच पाटावर मांडायची पद्धत होती. बाबांचा मीटर, सोल्डरिंगची कांडी, स्क्रूड्रायव्हर एकीकडे, पेटी, टाळ, तंबोऱ्याचा डबा दुसरीकडे, आणि गवसणी काढलेला तंबोरा मागे. पूजेच्या आधी बाबा डबा उघडून साफ करायचे. ते काम ते परसातल्या उजेडात, एकटे करायचे. जवळ गेलं की म्हणायचे, "ऑपरेशन चाललंय, नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

सकाळी आईने पाट मांडलेला पाहून मला आश्चर्य वाटलं.

"वर्षभर सण नाही ना करायचा?"

"सण नाहीच करायचा. पण हत्यारांना कसलं आलंय सुतक?" ती म्हणाली. "तेवढा डबा तू साफ कर. ते दर वर्षी करायचे." आणि कळशी घेऊन ती मागच्या नळाकडे गेली. नळाला पाणी यायची वेळ झाली होती.

मी डबा परसात नेला. नेण्याआधी, उगाच, तो सुरू करून पेटीजवळ धरला. पांढरी चार दाबली. मार्चमध्ये जुळली होती ती. आता जुळत नव्हती. डबा तिच्यापेक्षा चढा बोलत होता, पुढच्या काळीच्या दिशेने निघालेला. लाल ठिपका मात्र जागच्या जागी होता.

मी पायरीवर बसून मागचे चार स्क्रू काढले. आत सर्किटची हिरवी पाटी, वर धुळीचा पातळ थर, तपकिरी गोळ्यांसारखे कंडेन्सर. दोघा-तिघांच्या कडा फुगून फिकट झाल्या होत्या. जुनेच होते सगळे. बाबांनी एकही बदलला नव्हता.

पलीकडे आईची कळशी भरत होती. नळाची धार आधी खोल, घुमून पडत होती. मग कळशीतली जागा कमी होत गेली तसा आवाज बारीक झाला, चढत गेला, आणि काठापर्यंत आला तेव्हा शिट्टीसारखा झाला.

मी हातातला फडका खाली ठेवला.

जुना झाला की त्यात मावतं कमी. मावणं कमी झालं की सूर चढणार. तो उतरेल कसा? बाबा गेल्यापासून डबा एकटा होता, आणि चढला होता. ते होते तोवर तो वर्षानुवर्षं उतरत होता.

पाटीच्या कोपऱ्यात एक चिमुकला पितळी स्क्रू होता, सूर बारीक जुळवायचा. बाकी सगळ्यावर धूळ होती. त्याची खाच तेवढी चकचकीत होती, पुन्हा पुन्हा पातं टेकवल्यासारखी.

दर वर्षी, पूजेच्या आधी, एकटे, उजेडात. आईचा गळा जेवढा उतरला तेवढाच ते डबा उतरवत होते. आणि ठिपका काळी चारवर तसाच.

"झालं का?" आई कळशी कमरेवर घेऊन समोर उभी होती.

"होतंय."

मी बाबांचा छोटा स्क्रूड्रायव्हर उचलला. मी न बोलता थोडा फिरवला असता तर आई दुपारी गायला बसली असती, षड्ज लागला असता आणि तंबोरा कुठेच गेला नसता. पण कुठल्या बाजूला फिरवायचा, किती फिरवायचा, काहीच मला ठाऊक नव्हतं. चुकून वर गेला तर?

आईने कळशी पायरीवर ठेवली आणि ती माझ्या शेजारी बसली. उघड्या डब्यात डोकावून पाहिलं.

"डावीकडे," ती म्हणाली.

मी स्क्रूड्रायव्हर खाली घेतला.

"डावीकडे फिरवायचे ते. किती, ते आता आपल्यालाच शोधायला लागेल."

"तुला माहीत होतं?"

"सुरात जन्म गेला माझा, वृंदा. नवऱ्याने तीन पट्ट्या उतरवल्या तर कळणार नाही?"

"कधीपासून?"

"एका कोजागिरीला गायले. वरचा षड्ज आपसूक लागला. सगळे वाहवा करत होते, आणि मी मनात म्हणतेय, साठी उलटल्यावर आपसूक काही लागत नसतं. दुसऱ्या दिवशी पेटी काढून पाहिली." ती हसली. "हे चहा पीत होते. चेहरा असा, जसा काही साखरच चोरलीय."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? जन्मभर त्यांनी वस्तू संपताना पाहिल्या. ही एक आपण संपू दिली नाही, असं त्यांना वाटत होतं. वाटू दिलं."

"पण तू स्वतः बटण फिरवलं असतंस तर..."

"ते सगळ्यांना दिसलं असतं." तिने लाल ठिपक्यावर बोट ठेवलं. "आतून फिरवलं की घरातल्या घरात राहतं."

मागच्या भिंतीवर कावळा ओरडत होता. आईने त्याला हुसकलं. मग म्हणाली, "श्रावणात बसले तेव्हा हा चढा लागला. मला वाटलं, मेला हाही मला सोडून चालला. कुणाला सांगू, की डबा उघडून द्या? यासीनभाईंना? त्यांना ठाऊक नसेल असं नाही. त्यांचा कान माझ्याहून तिखट. पण त्यांनीही कधी तोंड उघडलं नाही. म्हटलं, द्यावा तंबोरा, सुटावं."

"मला सांगायचंस."

"तुला?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तू तरी कुठे सांगतेस?"

मी डबा सुरू केला आणि पातं खाचेत टेकवलं. डावीकडे, केसभर. सूर हलला. आईने डोळे मिटले.

"अजून."

मी फिरवला.

"अजून थोडा. थांब. हां, जरा मागे. थांब."

डबा घुमत होता. ती परसात, पायरीवर, ओल्या पायांनी तशीच बसून होती. तिने षड्ज लावला. आधी आवाज कापरा आला, खरखरला. तिने श्वास घेतला आणि पुन्हा लावला, आणि या वेळी तो डब्याच्या सुरात असा मिसळला, की वेगळा काढता येईना. जाड झाला होता आवाज, खाली आला होता, पण तिचाच होता. ती बराच वेळ एवढा एकच सूर गात राहिली. मी स्क्रूड्रायव्हर तसाच धरून बसले होते.

थांबल्यावर ती म्हणाली, "यासीनभाईंना निरोप दे. तंबोरा जवारीला न्या म्हणावं. आणि या सुरात लावून परत आणून द्या. पांढरी चारलाच असेल ना हा?"

"पांढरी चार."

"मग पांढरी चार म्हणून सांग." नेलपॉलिशचा ठिपका तिने नखाने खरवडून पाहिला. तो निघाला नाही. "राहू दे आता."

मी डब्याचं झाकण लावलं, तीन स्क्रू पिळले. आई उठली नाही. माझ्या हाताकडे बघत होती.

"तुझा फोन ठेवला ना, की हे म्हणायचे, 'बरी नाहीये ती.'"

माझ्या हातातून शेवटचा स्क्रू घसरला. तिने तो पायरीवरून उचलून माझ्या तळहातावर ठेवला.

"रोज म्हणायचे?"

"रोज. म्हणायचे, आवाजावरून कळतं. मी म्हणायची, मग नीट विचारा ना तिला. तर म्हणायचे, 'विचारतो की रोज. मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ती मोजू देत नाही.'"

कळशीतलं पाणी हलायचं थांबलं होतं. आत आभाळाचा एक तुकडा दिसत होता. पाटावर बाबांचा मीटर, तारा नीट गुंडाळून, झेंडूची वाट बघत होता.

"आता मीच विचारते," आई म्हणाली. "बरी आहेस ना, वृंदा?"

बरी आहे, हे माझ्या ओठांवर आलं होतं. सवयीने, नेहमीच्या पट्टीत.

"नाही," मी म्हणाले. "नाही गं आई. मी बरी नाहीये. मला फार एकटं वाटतं."